झेलूभाऊची आई

प्रिय अक्का,

तुला इंग्रजी येत नव्हतं!

हे समजल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. सुट्टी संपवून जळगावला परत आले, शाळेत पोरांना धडा वाचायला दिला, आणि ती वाचत असताना मी खिडकीशी उभी राहून मनात तेच घोकत होते, अक्काला इंग्रजी येत नव्हतं. आबांशी बोलून झालं. तुझ्या लेकीशी, गुड्डीशीही बोलून झालं. पण भांडायचं जिच्याशी तीच जागेवर नाही. तुला जाऊन वर्ष होत आलं. इतके दिवस तुला लिहायला बसलं की काय लिहावं ते सुचायचं नाही आणि कागद तसाच राहायचा. आता राग येतोय, मधूनच हसूही येतंय, त्यामुळे निदान लिहिता तरी येतंय.

सुरुवातीपासून सांगते. दिवाळीच्या सुट्टीत गुड्डीला आबांकडे न्यायचं म्हणून मी पिंपळनेरला तुझ्या सासरी गेले होते. परत येताना धुळ्याला गाडी बदलायची होती. स्टँडजवळच्या गल्लीत एक सीडीचं जुनं दुकान आवरत होतं. मालकाने सगळा माल बाहेर टेबलावर मांडला होता. त्या ढिगात एक पत्र्याचा डबा होता, आणि डब्यावर उठून दिसणारा पंजा. पडद्यावर शंभरदा पाहिलेला तो पंजा मी रस्त्याच्या पलीकडूनच ओळखला.

झेलूभाऊ! तिन्ही भाग, एकाच डब्यात!

या नावाने पिक्चरच्या या हिरोला जगात कुणीच ओळखत नाही, हे मला कॉलेजात कळलं होतं. त्याचं खरं इंग्रजी नाव डब्यावर मोठ्या अक्षरात आहे. पण पडणारी कुठलीही वस्तू तो हाताने झेलतो, पूल झेलतो, विमान झेलतो, म्हणून तू त्याचं नाव झेलूभाऊ ठेवलंस आणि आपल्या गल्लीत तेच चाललं.

दुकानदार हसला. म्हणाला, ताई, हे सगळं मोबाईलवर मिळतं, डबा घेऊन काय करणार? मी त्याला ऐकवलं की मोबाईलवर चोरून पाहणं मला पटत नाही, ज्यांनी मेहनत केली त्यांना मोल मिळालं पाहिजे. तो म्हणाला, मग हे प्लेअरसुद्धा घेऊन जा, याचीही मेहनत वसूल होऊ दे. घेतलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, आमची ज्योती भाषण करते आणि दुकानदार माल खपवतो.

गाडीत गुड्डी डबा मांडीवर घेऊन बसली होती. पंजावरून बोट फिरवत होती. मी तिला म्हटलं, यात झेलूभाऊची आई आहे, माहीत आहे ना? मेलेली असते, तरी लेकाला बघायला येऊन जाते. ती मला दिसली होती, तुलाही दिसेल. ती नुसतं "हं" म्हणाली. अक्का, तुझ्या तेराव्याला ती पोर माझ्या कुशीत शिरली होती तेव्हाही मी तिला हेच सांगितलं होतं. म्हणजे हा डबा मी माझ्या हौसेने घेतला असं समजू नकोस. मी तिला शब्द दिला होता.

आपली आई गेली तेव्हा मी पहिलीत होते. तू नववीतून शाळा सोडलीस आणि चुलीपुढे बसलीस. आबा एरंडोलला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, ते येईपर्यंत घरात आपण दोघीच. मग एकदा आबांनी कुणाचं तरी जुनं सीडी प्लेअर आणलं, आणि बाजारातून तू झेलूभाऊचे पहिले दोन भाग आणलेस. प्लॅस्टिकच्या पाकिटात, वर नाव नाही की चित्र नाही. सगळा इंग्रजी पिक्चर! गल्लीतली पोरं हिरमुसली. तू रिमोट हातात घेऊन टीव्हीच्या बाजूला बसलीस आणि म्हणालीस, थांबा, मी सांगते.

आणि सांगितलंस! कोण काय बोलतं, का बोलतं, मागे काय झालं होतं. एकदाही अडखळली नाहीस. मला वाटायचं, नववीपर्यंत शिकलं की इतकं इंग्रजी येतं. मग मी पंधरावीपर्यंत शिकले तर काय होईल!

तर अक्का, आबांच्या घरी, त्याच भिंतीला टीव्ही, दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही पहिला भाग लावला. चित्र लख्ख. आवाज स्वच्छ. थोड्या वेळाने आबाच अस्वस्थ झाले. म्हणाले, "तो खोकला कोठे गया?"

आठवतं? आपल्या पिक्चरमध्ये कुणीतरी सारखं खोकायचं. तू सांगायचीस, तो झेलूभाऊचा म्हातारा गुरू, भिंतीआड लपलेला. या पिक्चरमध्ये भिंतीआड कुणीही नव्हतं. गुरूच नव्हता! मला वाटलं, दुकानदाराने काटछाट केलेला माल दिला.

मग चष्मेवाली बाई आली. माझी चष्मेवाली बाई! काळा कोट, हातात फायली. तू म्हणायचीस, ही गरिबाघरची पोर, शिकून साहेबीण झाली. ती खिडकीशी उभी राहून जे बोलते ते मला आजही पाठ आहे. "मी शिकसू, आनि मन्हा मांगे ज्या शेतस त्यासले बी शिकाडसू." मी शिकेन आणि माझ्या मागे ज्या आहेत त्यांनाही शिकवीन. अक्का, कॉलेजच्या निरोप समारंभात मी हे वाक्य मराठीत करून म्हटलं होतं, एका थोर विचारवंत स्त्रीचे उद्गार म्हणून! टाळ्या पडल्या होत्या. घरातली पहिली पदवीधर म्हणून आबांना पुढच्या रांगेत बसवलं होतं.

आता मला इंग्रजी कळतं. ती बाई खिडकीशी उभी राहून म्हणते की शहराच्या पाण्यात विष कालवायचं आणि सकाळ व्हायच्या आत निघून जायचं.

ती खलनायिका आहे! पहिल्यापासून शेवटपर्यंत! शेवटी झेलूभाऊ तिला पोलिसांच्या ताब्यात देतो. म्हणूनच तू शेवट आला की "पुढं शिडी खराब शे" म्हणून सीडी बंद करायचीस ना? जिच्यासारखं व्हायचं म्हणून मी लाईट गेली की कंदिलाच्या उजेडात डोळे फोडले, ती गाव मारायला निघालेली बाई!

मी आबांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ते सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "तिले कोठे इंग्लिश ये? बठ्ठासले माहीत व्हतं." सगळ्यांना! गल्लीतल्या पोरांनासुद्धा. मग ती असं का बोलायची, मी विचारलं. आबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"ते तुले नही. माले आयकाडाले बोले ती."

आबांना ऐकवायला! मी सातवीत असताना आत्याने माझ्यासाठी स्थळ सुचवून ठेवलं होतं, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. आबांच्या मनात होकार होता. आबा कामावरून येऊन दारात बसले की तू मुद्दाम तोच भाग पुन्हा लावायचीस, आणि चष्मेवालीचा आवाज चढायचा. आबा सांगत होते, रोज ती बाई माझ्याकडेच बघून बोलायची, मग एक दिवस मीच आत्याला नाही म्हणून कळवलं. समोरासमोर तू आबांपुढे ब्र काढला नसतास. परक्या देशाच्या बाईच्या तोंडून काढलास! आणि मला इतक्या वर्षांत एका शब्दाने सांगितलं नाहीस. का गं?

पण खरी भीती दुसऱ्या दिवशीची होती. झेलूभाऊची आई दुसऱ्या भागात येते.

तुला तो भाग सांगायला नको. हरलेला झेलूभाऊ गच्चीवर एकटा बसतो. पडद्याच्या खालून एक काळी सावली उठते. बाईची. कमरेला गाठोडं. हळूहळू चालत पडद्यावरून एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाते, त्याच्या अगदी अंगावरून. तू म्हणायचीस, ही त्याची मेलेली आई. त्याला दिसत नाही, पण आपल्याला दिसते. गाठोड्यात त्याच्यासाठी भाकरी आहे. मी पहिलीतली पोर, आई गेलेली. अक्का, त्या सावलीसाठी मी तो पिक्चर किती वेळा लावायला लावला असेल! तुझं लग्न झालं आणि त्या सीडी तुझ्या पेटीतून सासरी गेल्या तेव्हा मी तुझ्यासाठी रडले की त्या सावलीसाठी, कुणी ठरवावं!

दुसऱ्या दिवशी गुड्डी अगदी टीव्हीजवळ बसली. झेलूभाऊ गच्चीवर आला. मी पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत होते. तो बसला. वारा सुटला. तो उठून गेला.

कुणी आलं नाही.

मी मागे घेतलं. पुन्हा लावलं. पुन्हा तो एकटाच बसला आणि एकटाच उठला. तिसऱ्यांदा मागे घेतलं आणि तेवढ्यात खोकला आठवला. खोकणारा माणूस. आपल्या सीडीत पडद्याखाली मधूनच दिसणारी डोकी. कुठल्या तरी टॉकीजमध्ये कुणीतरी कॅमेरा लपवून पडद्याचं चित्र घेतलं होतं, तेच आपण पाहत आलो होतो. सावली पिक्चरमधली नव्हतीच. एक बाई खुर्चीवरून उठून बाहेर गेली होती, बस्स.

अक्का, मी एम.ए.च्या परीक्षेला बसलेली बाई. हे मला आजवर सुचलं कसं नाही!

पण माझ्यापेक्षा मला गुड्डीची धास्ती. तिच्या आईच्या तेराव्याला मी तिला जे दिलं होतं ते माझ्याच हाताने, अस्सल डबा विकत आणून, काढून घेतलं होतं. खोटं बोलायला जीभ वळेना, खरं बोलायला धीर होईना. शेवटी म्हटलं, गुड्डी, ती सावली झेलूभाऊची आई नव्हती. टॉकीजमधली एक बाई होती, पिक्चर बघायला आलेली.

गुड्डीने माझ्याकडे वळून पाहिलं. शांत होती. "माले माहीत शे, मावशी. आईनी सांगेल व्हतं."

आईनेच सांगितलं होतं! कधी, म्हटलं. तर म्हणे, घरची सीडी पार अडकायच्या आधी, लहानपणीच. ती सावली चालताना गाठोड्यातून एक पाय हलला, तो गुड्डीने पाहिला. तिने तुला विचारलं, भाकरीला पाय कसा? आणि तू हसत सुटलीस आणि सगळं खरं सांगून टाकलंस.

मी विचारलं, मग गाडीत का बोलली नाहीस? तर म्हणाली, तू खूप खुशीत होतीस. आणि आई म्हणायची की ज्योतीने विचारलं असतं तर तिलाही सांगितलं असतं. तिने कधी विचारलंच नाही.

अक्का! मी वर्गात रोज सांगते, प्रश्न विचारा, कुणी मोठं माणूस सांगतं म्हणून मान डोलावू नका. आणि मला स्वतःला तो हलणारा पाय कधी दिसला नाही. की मला तो बघायचाच नव्हता? तू माझ्याकडे बघून ओळखलं असशील. म्हणून गप्प बसलीस का?

टीव्हीवर झेलूभाऊ थांबलेला होता. मी गुड्डीला म्हटलं, म्हणजे आई नव्हतीच ती. यावर ती अशी काही रागावली, अगदी तुझ्यासारखी, भुवई वर करून.

"कडेवर पोर व्हतं ना तिच्या. ते रडत असंल, म्हनून उठली. कोनाची तरी आई व्हतीच ना ती."

आबा उठून बाहेर गेले. मी तिथेच बसले, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा, दुसऱ्या कुणाला सावरायचं नसताना, रडले. गुड्डीने रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

डब्यात तिसरी सीडी अजून आहे, वरचा पातळ कागदही फोडलेला नाही. आपल्याकडे तिसरा भाग कधीच नव्हता. पण तू आजारी असताना खाटेवर पडल्या पडल्या तो गुड्डीला सांगितलास म्हणे, पूर्ण, तुझ्या मनाने. मला तो ठाऊक नाही. गुड्डी म्हणते, लांबलचक आहे, त्यात चष्मेवाली तुरुंगातून सुटून येते आणि शाळा काढते.

तुला शब्द देते, अक्का. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला पुन्हा आणीन. इंग्रजीवाल्यांचा तिसरा भाग नंतर कधीही बघता येईल. आधी तुझा ऐकीन, गुड्डीच्या तोंडून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि या वेळी मधे मधे थांबवून प्रश्न विचारीन. तिला उत्तर आलं नाही तर आम्ही दोघी मिळून शोधू.

तुझी धाकटी,
ज्योती