आढीतली गिटार

पावस,
ऐन आंब्याचे दिवस

तीर्थस्वरूप बापूमामांस,

अजिंक्यचा वाकून नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे वाकता येतं तेवढाच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींची सुपारी सोलून झाली का? पावसचा नंबर दिसला की तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र टाकतोय. कारण मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी वाडीच्या पूजेला तुम्ही गुहागरहून स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आणून त्यावर भजन गायलंत आणि आमच्या सासऱ्यांनी भर मांडवात, बुवा बेसूर गातात ते गातात, वर आवाज मोठा कशाला करायचा, असं विचारलं. तेव्हापासून तुम्ही आणि तुमचा अ‍ॅम्प्लिफायर, दोघांनी पावसची वेस ओलांडलेली नाही. तुमचंच बरोबर आहे. मी तुमच्या बाजूचा आहे. आणि हे पत्र काही मागायला लिहिलेलं नाही, सहज ख्यालीखुशाली कळवावी म्हणून लिहिलंय.

तर खुशाली अशी, की आम्ही घरी इलेक्ट्रिक गिटार बनवली. आम्ही म्हणजे मी आणि नाना. (होय, तेच सासरे. दर मे महिन्यात हातखंब्याहून आमच्याकडे आढी लावायला येतात. आंबे माझे, मत त्यांचं.) आमच्या सानवीने हट्ट करून सुट्या भागांचा खोका मागवला. धड वेगळं, मान वेगळी, तारा, खुंट्या, स्क्रूंची पुडी आणि एक चित्रांचा कागद. कार्टीने वाडीभर सांगून टाकलं, की यंदाच्या पूजेत मी माझ्या बाबांनी आणि आजोबांनी बनवलेली गिटार वाजवणार. आता सांगा, मागे फिरायला जागा राहिली का? तिचं तोंड पडलं तर मला घरात तोंड दाखवायला जागा नाही.

नानांनी तो कागद चष्मा न लावताच वाचला आणि बाजूला ठेवला. मग गिटारचं धड उचलून नाकाशी नेलं, देठाकडे (म्हणजे मान बसते तिकडे) अंगठ्याने दाबून पाहिलं आणि लाकूड कोवळं असल्याचं जाहीर केलं. मी पिवळं पॉलिश लावलं. कागदावर मोकळ्या हवेत टांगलेली गिटार दाखवली होती, तशी मी ती पडवीत टांगली. नानांनी ती खाली उतरवली. "वाऱ्यावर ठेवलीस तर सुरकुत्या पडतील रे! आढीत घाल." मामा, मी शिकलासवरला माणूस, पतपेढीत लोकांना अक्कल शिकवतो, पण आंब्याच्या दिवसांत नानांपुढे तोंड उघडायची माझी छाती नाही. गिटार माळ्यावर पेंढ्यात गेली. वर एक थर हापूसचा. नाना रोज जाऊन फळांबरोबर तिलाही अलगद कूस बदलून द्यायचे.

बाहेर काढली तेव्हा ओल्या पॉलिशला पेंढा असा चिकटला होता, की गिटार शाकारल्यासारखी दिसत होती. मधोमध एक हापूस रुतला होता. तो सोडवला तर साल गिटारवर राहिली आणि बाठा माझ्या हातात. घासून घासून माझे खांदे गेले (उसण तेव्हाची), पण फळाचा ठसा काही गेला नाही. शेजारच्या तुळसाकाकू आल्या, वास घेतला आणि आमच्या सौ. मनस्वीला म्हणाल्या, "कोणत्या झाडाची गो ही?" सानवी मात्र खूश. असा नक्षीकाम केलेला नग बाजारात नाही म्हणते.

मग तारा. नाना आंब्याच्या पेटीला सुतळी आवळतात तशी तार आवळत गेले. मी म्हटलं, नाना, पुरे. ते म्हणाले, "ढिली राहिली तर वाटेत उसवेल." कुठल्या वाटेत ते विचारेपर्यंत तार तुटली आणि त्यांचा चष्मा उडवून थेट बांगड्याच्या सारात घेऊन गेली. मनस्वी दिवसभर आम्हा दोघांशी बोलली नाही. सार मात्र चष्म्यासकट बरं झालं होतं.

शेवटी सगळं जुळलं. नानांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या लेकराच्या वाद्याला कुणाची नजर लागली असेल तर ती दूर कर रे महाराजा!" आम्ही सगळे "व्हय महाराजा" म्हणालो. सानवीने तारा छेडल्या. मामा, आवाज इतका बारीक, की डास आला समजून नानांनी टाळी मारली. नानांनी गिटार कानाशी धरली, हलवली आणि निर्णय दिला, "पिकली नाही अजून. परत घाल आढीत." तेव्हा सानवी रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, अ‍ॅम्प्लिफायर लागेल म्हणून." (सांगितलं होतं. मला वाटलं, असेल त्या स्क्रूंच्या पुडीत.) पूजा शनिवारी आहे.

असो. इकडे बाकी सगळं क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचाच भाचा,
अजिंक्य

ता. क. : लग्नसराईमुळे रत्नागिरीत भाड्याने एकही अ‍ॅम्प्लिफायर शिल्लक नाही. सहज कळवलं. तुमचा चालू स्थितीत आहे ना?

ता. क. २ : तुम्ही यायची तसदी घेऊ नका, कुणाबरोबर तरी पाठवून द्या. आणि मी मागितल्याचं नानांना कळू देऊ नका, त्यांचा मान दुखावेल.

ता. क. ३ : हे अक्षर हातखंब्याच्या नानांचं. जावयाने पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, कारण घरातला डिंक माझ्या ताब्यात असतो. वाचलं. बुवा, गेल्या वर्षी बोललो ते मत कायम आहे, पण भर मांडवात बोलायला नको होतं. काल पोर दुपारभर त्या मुक्या लाकडावर बोटं झिजवत बसली होती. कान लावून ऐकलं, तर तुमचंच भजन. थेट तुमच्यासारखं बेसूर, म्हणून तर ओळखलं. तेव्हा नुसतं यंत्र पाठवू नका, घेऊन स्वतः या. मी पुढच्या रांगेत बसतो.