केसरबाईच्या खटल्याचे शेवटचे पान

नागाव, जिल्हा कुलाबा
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८५४

राजमान्य राजश्री येसाजीराव यांना धर्माजीचा रामराम. देवीच्या कृपेने इकडे माणसे, गुरे आणि माड सुखरूप आहेत. तुमचा खोकला कसा आहे? तुमची बहीण विचारते, आमसुले पोचली का, की छापखान्यातल्या मंडळींनीच वाटून खाल्ली?

तुम्ही आगबोटीने पाठवलेले खटल्याचे पुस्तक मिळाले. (रेवस बंदरात पडावाच्या होडीतून उतरवताना गाठोडे चिखलात पडले. शेवटची पाने एकमेकांना चिकटली. तुमच्या बहिणीने ती चुलीजवळ वाळवली, त्यांचा पापड झाला आणि उलगडू गेलो तर हातात भुगा आला. त्याचे पुढे सांगतो.) येसाजीराव, मी गावच्या शाळेत चार इयत्ता शिकलेला माणूस. पोथीपलीकडे कधी काही वाचले नाही. पण हे पुस्तक म्हणजे काय सांगू! केसरबाईवर आरोप आहे की तिने दुधातून विष घालून दिराला मारले. पहिल्या प्रकरणात मी तिला मनातल्या मनात फाशी देऊन टाकली. मग तिचा वकील उठला, आणि साध्या साध्या प्रश्नांनी एकेक साक्षीदार असा सोलत गेला की माझी मलाच लाज वाटली. आपल्या गावात दोघे भांडले की तिसरा आधी निकाल देतो आणि मग ऐकतो. इथे जज्जसाहेब, एवढा मोठा माणूस, ‘मला अजून काही ठाऊक नाही’ अशा चेहऱ्याने सगळ्यांचे ऐकत बसतो. खरे कुठेतरी आहे, ते दिसत नाही, पण धीर धरून विचारत राहिले तर बाहेर येते, एवढ्या भरवशावर ती सगळी मंडळी बसलेली असतात. मला तर ते कचेरीपेक्षा देवळासारखे वाटले.

म्हणून मी ते देवळातच वाचायला घेतले. (पोथीला पाच डोकी जमतात, खटल्याला सभामंडप पुरेना. देवीने राग मानला नसावा, तिलाही एका जागी बसून ऐकायचेच असते.) आपल्या नलूचे ज्यांच्या घरी ठरले आहे ते बाळाजी रोज पुढे बसत. मी केसरबाईच्या बाजूचा, ते सरकारच्या बाजूचे. इथवर गंमत होती. पण पाने संपली, निकाल भुग्यात गेला आणि बाळाजी भर मंडपात उठून म्हणाले, “दिराला दूध देनारी बाई सवता घोटभर पीत न्हाय, आन् व्याही तिची कड घेतो! त्याच्या घरची पोर उद्या माझ्या घरात दूध तापवनार हाय. मला इचार केला पायजे.”

विचार चालू आहे. वैशाखातली तिथी त्यांनी अजून धरलेली नाही. नलूने दूध तापवायचे सोडले आहे.

शेवटी दोघांच्या संमतीने देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या कळ्या चिकटवून कौल लावला. उजवी कळी पडली तर बाई निर्दोष, डावी पडली तर दोषी. गुरवाने गाऱ्हाणे सुरू केले आणि मधेच थांबून विचारले, “बाईचं गाव कंचं? गोत्र कंचं?” पुस्तकात गोत्र दिलेले नाही. (वकिलाने एवढे विचारले, हे तेवढे राहिले.) मी सांगितले, पुण्याकडची म्हणा. मग सारी सकाळ एकही कळी हलली नाही. दुपारी बाळाजींना शिंक आली आणि दोन्ही कळ्या एकदम पडल्या. गुरव म्हणाला, “देवी म्हनते, साक्षी पुऱ्या झाल्या न्हाईत. शेवटचं पान आना.”

लहानांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो असाच ठेवावा.

आपला
धर्माजी

ता. क. तेव्हा शेवटची पाने पाठवावीत, ही विनंती.

ता. क. आणखी एक. तुम्ही छापखान्यात खिळे जुळवता. समजा बाई दोषी निघाली, तर एवढे एकच पान नव्याने जुळवून तिला सोडवता येईल का? (तुमची बहीण मागे उभी राहून म्हणते आहे, “लिवा, लिवा, भाऊ न्हाय म्हननार न्हाय.”)

ता. क. वरचे खोडले आहे असे समजावे. ज्या पुस्तकाने मला खरे ऐकायला शिकवले, त्याचेच खरे मी कसे बदलू? आहे तसेच पान पाठवा. बाई दोषी असली तर मी बाळाजींच्या ओटीवर जाऊन ते मोठ्याने वाचीन आणि हरलो म्हणेन. लेकीपुढे हार काय मोठी!

ता. क. पाकीट बंद करणार तोच बाळाजी स्वतः ओटीवर आले. कोणाला लिहिता म्हणून विचारले, मी सांगितले. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, “धर्माजी, बाई सुटली तर मी तोंड कुठं दाखवू? पान आत्ता नकोच.” नलूने दोघांना दूध आणून दिले. मी आधी घोट घेतला, मग त्यांनी घेतला. तिथी पक्की झाली. तरी पान पाठवू नये. लग्नाला येताना पाकिटात बंद करून आणावे, अक्षता पडल्यावर दोघे मिळून फोडू. तुम्ही वाचून या, हरकत नाही. फक्त मांडवात शिरताना चेहरा कोरा ठेवा, दोन्हीकडचे वकील दारातच उभे असतील.