बाबाची टोपी

थेमेलिना,

तू इरिनीला घेऊन दवाखान्यातून यायच्या आत मी निघतोय. पेनसिल्व्हेनियाच्या पुलावर महिनाभर काम आहे.

पोरीच्या रक्तात शिसं निघालं ते माझ्यामुळे. जुन्या पुलांचा शिसं असलेला रंग खरवडायचा आणि ती धूळ अंगावर घेऊन घरी यायचं, हेच मी करत आलो. आपल्या भागात दोन वर्षांच्या मुलांची शिशासाठी रक्ततपासणी कायद्याने करावीच लागते, म्हणून कळलं तरी. आणि "शिसं जुन्या घरांच्या रंगात असतं, आमचं घर नवं आहे, कशाला सुई टोचता?" म्हणून मीच दवाखान्यातल्या नर्सशी भांडलो होतो.

मी नसलो की ती माझी कामाची टोपी उशाशी घेऊन झोपते. तूच सांगायचीस, बाबाचा वास आल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. ती टोपी मी घेऊन चाललोय. उशी टाकून दे. फरशी झाडू नकोस, ओल्या फडक्याने पूस.

चर्चला घालतो तो शर्ट धुऊन तिच्या खाटेवर ठेवलाय. टोपी मागितली तर तो दे. त्याला नुसता साबणाचा वास येतो. बाबाचा वास असाच असतो, म्हणून सांग.

सावास