गाळलेली ओळ

ती. बाबांस,

तुम्हाला पत्र वाचून दाखवणारी मीच, म्हणून हे पाठवणार नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दिवंगत पोपना संत ठरवण्याच्या चौकशीसाठी, तिथली कारकून म्हणून, मी तुमची साक्ष लिहून घेतली. तीस वर्षं तुम्ही त्यांच्या कपड्यांना इस्त्री केलीत. तुम्ही हसत म्हणालात, "लिहा, ग्रॅज्युएटबाई! माझ्या हातून झगा जळला, तेव्हा ते असे खेकसले की इस्त्रीच गार पडली. मग स्वतः खाली आले, माझी माफी मागितली आणि तोच झगा घालून गेले."

संत खेकसेल कसा? मी ते गाळलं. मग माफीला कारणच उरलं नाही, तीही गाळली. उरलं एवढंच, "ते अत्यंत नम्र होते." त्याखाली तुम्ही विश्वासाने अंगठा उठवलात.

ती साक्ष जशीच्या तशी असल्याची शपथ मला उद्या घ्यायची आहे. मी चौकशी करणाऱ्या फादरांना खरं सांगेन. नोकरी जाईल, जाऊ दे. भीती वेगळीच आहे. फादर तुम्हाला विचारतील आणि तुम्ही म्हणाल, "माझ्या मुलीने लिहिलंय ना? मग तसंच घडलं असेल. मीच विसरलो."

तुमची,
थोरली