भंवरीबाईंचा निंब

अब्बा,

चाळीसगावच्या भंवरीबाईंचे सकाळपासून फोनवर फोन येताहेत. त्यांच्या दारातला निंब तुम्ही काल पार बोडका करून आलात आणि मला म्हणालात, काम छान झालं.

आदल्या दिवशी मी स्वतः जाऊन त्यांच्यासमोर फांद्यांना लाल चिंध्या बांधल्या होत्या. चिंधी असेल तेवढंच छाटायचं, त्याहून जास्त काढलं तर भर मे महिन्यात ओट्यावर ऊन येईल, हे त्यांना समजावलं होतं. त्या हो म्हणाल्या होत्या. मग तुम्ही झाडावर चढल्यावर त्या खालून 'अजून थोडं काढा' म्हणत राहिल्या आणि तुम्ही काढत राहिलात. आता त्या मलाच विचारताहेत, सावली कुठे गेली म्हणून. तोडलेली फांदी परत चिकटवता येत नाही, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

मी तिकडेच चालले आहे. ओट्यावर हिरवी जाळी बांधून देते आणि बोलणी खाऊन येते. भाकरी आणि शेवभाजी झाकून ठेवली आहे. त्यांचा फोन आला तर उचलू नका, नाहीतर जाळीसोबत मांडवही कबूल करून बसाल.

छाटणीच्या दिवशी मीही येते म्हटलं की तुमच्या तोंडून 'नाही' कसं लगेच निघतं. उद्या धरणगावला मी येणार आहे आणि झाडाखाली उभी राहणार आहे. मला अडवायचं असेल, तर तेच 'नाही' आधी एखाद्या गिऱ्हाइकाला म्हणून दाखवा.

नाजमीन