आखूड टप्प्याचा चेंडू

प्रिय धनराज,

अठरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, म्हणून आज खुशाली विचारायचीही लाज वाटते. तुझा नंबर आपल्या आसेगावच्या तांड्यात कुणीही दिला असता. पण फोनवर मी पाऊसपाण्याचं बोलून ठेवून दिलं असतं, हे मला माहीत आहे.

मी नागपुरातच असतो. एका खोलीचं घर. सकाळी अकादमीत गोलंदाजी शिकवतो, दुपारी डबा खातो आणि संध्याकाळ झाली की कुणाशी बोलावं ते सुचत नाही. ज्योत्स्ना, माझी बायको, तीन वर्षं राहिली. जाताना म्हणाली, "संघाची यादी घेऊन कोणी येणार असल्यासारखे तुम्ही घरात बसता." तिचं काही चुकलं नाही. हॉटेलच्या खोल्यांत, बसमध्ये, सीमारेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या धरून मी वर्षानुवर्षं तेच केलं.

रणजीचे तेवीस सामने खेळलो, एकसष्ट बळी घेतले. हे तू पेपरात वाचलं असशील. त्यातला एकही बळी आखूड चेंडूवर नाही, हे मात्र कुठं छापून आलं नाही. कप्तान मिड-ऑफवरून ओरडायचा, "डोक्यावर टाक!" मी मान हलवायचो, धावत यायचो आणि चेंडू फलंदाजाच्या पायाशी पडायचा. दोन मोसमांत सगळ्यांना ते कळलं. फलंदाज पुढचा पाय टाकून निवांत उभे राहू लागले. निवड समितीतल्या एकानं बाजूला घेऊन विचारलं, दुखापत लपवतोस का? मी हो म्हटलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. नंतर काही वर्षं मोठ्या संघांच्या सरावाला नुसती गोलंदाजी करायला जायचो. तिथं माझं नाव कुणाला माहीत नसे. "ए भाई, एक और," एवढीच ओळख.

वाशीमचा तो दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. आसेगावहून आपण एकाच मोटारसायकलवर गेलो, पॅड तुझ्या मांडीवर. निवडीसाठी पोरांचे दोन संघ पाडले आणि आपण पहिल्यांदाच समोरासमोर आलो. नागपूरचे साहेब लिंबाखाली खुर्च्या टाकून बसले होते. माझ्या एका षटकात तू तीन चौकार मारलेस आणि तिसऱ्यानंतर म्हणालास, "काहून बे अमऱ्या, जेवून नाही आला काय?" सगळी पोरं हसली. साहेबही हसले. पुढचा चेंडू तुझ्या डाव्या डोळ्यावर बसला.

खेळपट्टीवर अंथरलेल्या मॅटची शिवण उसवली होती, तिथून चेंडू उसळला, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. तुला अकोल्याला नेलं आणि त्याच संध्याकाळी यादीत माझं नाव लागलं. चौथ्या दिवशी मी तुझ्या घरी आलो, तर कमलीबाई, तुझी आई, जिला मीही याडीच म्हणायचो, तुझे कपडे न्यायला दवाखान्यातून आली होती. तिनं मला जेवायला वाढलं. म्हणाली, "शिवणच उसवली होती म्हणतेत. तुयी काय चूक, बापा? तू जा नागपूरले." मी जेवलो, धनराज. ताट पूर्ण संपवलं आणि नागपूरची गाडी पकडली. दवाखान्यात तुला बघायला आलो नाही.

शिवण उसवलेली नव्हती. उकाड्यानं तू हेल्मेट काढून बाजूला ठेवलंस, ते मी रनअपच्या टोकावरून पाहिलं होतं. पाहूनच आखूड टाकला, अंगातला सगळा जोर लावून. तुला लागावं असं मनात नव्हतं. पण साहेबांसमोर तू घाबरावंस, खाली बसावंस, एवढं नक्की होतं. माझी निवड त्याच चेंडूनं झाली, आणि नंतर तो मला कधी टाकता आला नाही.

गेल्या मंगळवारी इथं मुलींची निवड चाचणी होती. एक उंच मुलगी धावत आली आणि तिचा पहिलाच चेंडू यष्टिरक्षकाच्या हातावर असा आदळला, की माझ्या हातातली शिट्टी खाली पडली. फॉर्मवर नाव होतं निता धनराज जाधव, आसेगाव. वडील काय करतात विचारलं तर म्हणाली, "शेती. त्यायचा एक डोया नाही, सर. वावरात तुरीची तुराटी लागली होती." तू तिला तुराटी सांगितलीस! मला तिच्याकडे बघवेना. निवड तिनं स्वतःच्या वेगावर मिळवली, त्यात माझा हात नाही. जाताना ती परत आली. "बाबा सांगतेत, तुमच्यावानी आखूड चेंडू अख्ख्या जिल्ह्यात कोणाचा नव्हता. मले शिकवा न, सर." मी म्हटलं, आधी तुझ्या बाबांना विचारतो. ती हसली, "ते काहून नाही म्हणतीन?" पोळ्यानंतर सराव सुरू होतो. तिला शिकवायचं तर मला तो चेंडू स्वतः टाकून दाखवावा लागेल. टाकू की नको, आणि तिला काय सांगू, ते तू ठरव. तू नाही म्हणालास, तर मी तिला दुसऱ्या प्रशिक्षकाकडे देईन.

अजूनही तुझाच म्हणवून घ्यावंसं वाटणारा,
अमरदीप