अंगणात एकच खुर्ची गरम

१६ नोव्हेंबर, रविवार
सई आज मावशीच्या घरगुती हॉटेलच्या अंगणात तासभरही टिकली नाही. (इथून पुढे नुसतं स. लिहायचं. मावशीला माझी वही उघडून बघायची सवय आहे.) थालीपीठ अर्धं टाकलं. बोटं स्वेटरच्या बाहीत ओढून पुस्तकाची पानं उलटत होती. शेवटी म्हणाली, "यार, तुमचं अंगण बेस्ट आहे, पण आता इथं फक्त पेंग्विन बसू शकतात." आणि गेली. हिरवा मफलर गेटपर्यंत दिसला.
आत का नाही बसत? आत दोन टेबलं आणि काका. काका म्हणजे मावशीचे मिस्टर, रिटायर्ड सुभेदार, तोफखान्यात कान गेले. त्यांच्या बातम्या वरच्या मजल्यावरच्या वर्मा आंटीही ऐकतात. अभ्यास कसा होणार? आणि तिच्या घरी, आर. के. पुरमला, सरकारी क्वार्टरभर खोकी. तिचे बाबा फेब्रुवारीत रिटायर. क्वार्टर सोडायचं, सगळे नाशिकला.
सगळे म्हणजे तीपण?
विचारलं नाही. म्हणजे माझ्याकडे हा एवढाच हिवाळा आहे.

१८ नोव्हें., मंगळ
मावशीनं जाहीर केलं, होळीपर्यंत अंगण बंद. मागच्या वर्षी लोखंडी घमेल्यात लाकडं जाळायची. यंदा हवा इतकी घाण की सोसायटीनं पाटी लावली, काही जाळायचं नाही. "आतली दोन टेबलं आणि पार्सल. बास."
"बिल्कुल नाही!" असं ओरडलो की वर्मा आंटी बाल्कनीत आल्या. "क्या हुआ बेटा, चोर?"
मग टेबल पुसलं. मावशीचा नियम. ऑगस्टमध्ये कॉलेज सोडून इथं राजधानीच्या टोकाला, द्वारकेला आलो, पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाशी वाजलं, तेव्हापासूनचा. राग आला की तोंड उघडायच्या आधी एक टेबल पुसायचं. आमच्याइतकी चकाचक टेबलं अख्ख्या सेक्टरात कुठे नसतील.
पुसून झाल्यावर म्हणालो, विजेचा हीटर लावू.
"तूच शोध. कॉलेज सोडलंस, एवढं तरी पूर्ण कर."
अजून एक टेबल पुसलं.

२२ नोव्हें., शनि
चांदनी चौकाकडच्या विजेच्या सामानाच्या गल्लीत गेलो. दुकानात ब्लोअर लावून दाखवला. काय गरम! दोन मिनिटांत जॅकेट काढलं. बाहेर लावायचाय म्हटल्यावर दुकानदार हसला, "बाहर? बाहर के लिए तो सूरज होता है, भाईसाहब." असा तापलो! तिथं पुसायला टेबल नाही. मोबाईलची काच पुसली. आणि तोच ब्लोअर घेऊन आलो, त्याला दाखवायला. मूर्ख.
संध्याकाळी लावला. समोर वीतभर उभं राहिलं तर ठीक. एक पाऊल मागं सरकलं की काही नाही. वारा सगळी गरमी उचलून कंपाउंडपलीकडे टाकतो. पेपर नॅपकिन उडाले ते वेगळे.
काका दारात: "काय रं, द्वारका गरम करतोयस?"

२३ नोव्हें., रवि
तरी आज लावला. स.साठीच. तिच्या नोट्स उडून शेजारच्या टेबलावरच्या मिसळीत. मी मेलो. आणि ती हसली! खोखो. पान उचललं, तर्री झटकली, म्हणाली, "आता हे चॅप्टर तरी लक्षात राहील."
कॉलेजच्या कॅन्टीनमधल्या भांडणानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. मी एका मुलाच्या थोबाडीत मारली, त्याचा चष्मा फुटला, त्याला आज नऊ महिने झाले. तो तिच्याबद्दल बोलला होता. बोलला होता! कॉलेज म्हणालं, माफी माग आणि परत ये. मी म्हटलं, मरा. पण ती माझ्याशी बोलायची थांबली, ती का? ते मला अजून कळलेलं नाही. दिवाळीच्या फराळाला आईबरोबर इथं आली तेव्हा पहिल्यांदा "काय, कसा आहेस" म्हणाली. तेव्हापासून शनि-रवि येते. थालीपिठासाठी, असं म्हणते. जनकपुरीला मेट्रो बदलून कोण येतं थालीपिठासाठी?

२६ नोव्हें., बुध
ब्लोअर परत. दुकानदार काही बोलला नाही, ते जास्त लागलं.
गुरुग्रामच्या हॉटेलांत असतात ते छत्रीसारखे गॅसचे उंच हीटर मावशीला फोनवर दाखवले. "माझ्या अंगणात सिलेंडर आणि तुझं डोकं, दोन्ही एकत्र नको."
मग वाचत बसलो. कॉलेजात एवढं वाचलं असतं तर... असो. भिंतीवर लावायचे लांबट हीटर असतात. ते हवा तापवतच नाहीत, किरण पडतील तेवढंच तापवतात. हिवाळ्यातल्या उन्हासारखं. भिंतीपाशी उन्हात बसलं की घाम, सावलीत सरकलं की कुडकुड, तसं. वारा आला तरी उन्हाला काय फरक पडतो? म्हणजे दुकानदार बरोबर होता, बाहेर सूरजच लागतो. (हे कोणाला सांगणार नाही.)
मात्र बाहेरचाच घ्यायचा, दव आत जाणार नाही असा. आणि तोंड कुठे वळवायचं ते नीट ठरवायचं.
ते तर ठरलेलंच आहे.

२९ नोव्हें., शनि
आणला. इलेक्ट्रिशियननं मीटरपासून वेगळी वायर ओढली, भिंतीवर बसवला, बटण दाबलं. लाल. वाह. तेवढ्यात अख्खं घर काळोखात आणि बाथरूममधून काकांची गर्जना, "कोण आहे रं तिकडं!" डोक्याला साबण. हीटर, गीझर आणि स्वयंपाकघर एकदम चाललं की मेनचं बटण (एमसीबी) पडतं. आणि काका संध्याकाळीच अंघोळ करतात, गरम पाण्यानं. फौजेतली तीस वर्षं सोडून, कारण तेव्हा मिळत नव्हतं. मावशी म्हणाली, हीटर हलेल, ह्यांची अंघोळ हलणार नाही.
तोड: काकांची अंघोळ होईपर्यंत हीटर बंद.
स. आज आली नाही. इंटर्नल परीक्षा.
ती नेहमी बसते ती कोपऱ्यातली खुर्ची, भिंतीला पाठ, गेटकडे तोंड. हीटरचं तोंड बरोब्बर तिच्यावर वळवलं. स्क्रू घट्ट. मग तिथं बसून बघितलं. गाल गरम झाले. हीटरमुळेच असतील.

३० नोव्हें., रवि
घोळ. कॅन्टोन्मेंटमधून जाधव हवालदार आले, बायकोमुलांसकट. सगळं अंगण रिकामं, बसले कुठं? त्याच खुर्चीत. साबुदाणा वडे, मिसळ, मग चहा, मग परत चहा. "लई ग्वाड लागतंय इथं," म्हणे. उठायला तयार नाहीत.
स. आज आली नाही हे बरंच झालं. पुढच्या शनिवारीही येतो म्हणाले.

६ डिसेंबर, शनि
लिहायचं नाहीये, पण लिहितो.
स. आली. जाधव त्या खुर्चीत. ती पलीकडे बसली, जिथं काहीच पोचत नाही, आणि मफलर कानांवर ओढला. मी एक टेबल पुसलं. दुसरं पुसलं. तिसरं पुसून झालं आणि जाधवांना म्हणालो, तुम्ही दुसरीकडे बसा.
"का रं? रिझर्व हाय व्हय?"
"हो!"
"कुणासाठी?"
मी चौथं टेबल पुसायला घेतलं. जाधवांनी हीटरकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून बघितला. "ही गार. ही गरम. आयला, मावशी, तुमच्या भाच्यानं नेम धरून लावलाय की!"
मावशी झारा घेऊन बाहेर. "खरंच की. एवढ्या अंगणात एकच खुर्ची गरम कशी रे, ओंकार?"
सगळे हसले. जाधवांची पोरं पण. मी म्हणालो ते लिहीत नाही. एक कप फुटला. जाधव उठले, चांगला माणूस, म्हणाले, "बस गं पोरी, तुझी जागा." ती नाही बसली. पुस्तक मिटलं.
गेटपाशी गाठली तिला.
"मी सांगितलं होतं?" ती.
"काय?"
"हेच. कॅन्टीनमध्ये पण मी सांगितलं नव्हतं. तू माझ्यासाठी करतोस आणि सगळे माझ्याकडे बघतात. तुझ्याकडे नाही, ओंकार. माझ्याकडे."
मेट्रोकडे गेली. ई-रिक्षापण केली नाही.

७ डिसें., रवि
आली नाही. टेबलं नुसतीच पुसली. राग नव्हता.

१० डिसें., बुध
नऊ महिने मला वाटत होतं, तिला त्या चष्मेवाल्या पोराची दया आली असेल, म्हणून बोलत नाही.

मावशी: "ओंकार, स. म्हणजे साबुदाणा का रे?"
वही आता गादीखाली.

१२ डिसें., शुक्र
हीटर उतरवायला शिडी लावली. वर न्यायचा, मधोमध, तोंड खाली. पण एकानं अख्ख्या अंगणाला पुरत नाही, ऊब पातळ होते. दुसरा लागणार, आणि दोन चालले की गीझरला जागाच नाही. काकांची अंघोळ लांबली की अंगण गार. मावशीला सांगत होतो, जमत नाही म्हणून. काका बातम्या बघत होते. मान न वळवता म्हणाले,
"मी दुपारी करतो अंघोळ."
मावशीच्या हातातलं लाटणं थांबलं.
"काय बघताय? थंडी मनात असते. पण हे गिऱ्हाइकांना कोण सांगणार?" आणि आवाज वाढवला.

१४ डिसें., रवि
दुसरा आला. दोन्ही उंचावर, समोरासमोर, तोंडं तिरपी. मी प्रत्येक खुर्चीत बसून बघितलं. मावशी बघत होती, म्हणाली, संगीतखुर्ची एकट्यानं खेळणारा पहिलाच. कोपऱ्यातली खुर्ची आता पूर्वीइतकी गरम नाही. कुठलीच नाही. पण जॅकेट उघडून बसता येतं, सगळीकडे.
जाधव आले. त्यांना सॉरी म्हटलं. पाठीवर थाप मारली, "नेम चांगलाय रं तुझा. फकस्त फायरिंगच्या आधी परवानगी घ्यायची असती." मिसळ दोनदा घेतली.

१८ डिसें., गुरु
मेसेज लिहिला. खोडला. लिहिला. खोडला. शेवटी पाठवला तो असा:
हीटर वर लावले, सगळ्यांसाठी. तुला कुठे बसायला आवडतं ते कधी विचारलंच नव्हतं.
निळी टिक. उत्तर नाही.
ठीक आहे. (ठीक नाहीये.)

२० डिसें., शनि
सकाळी तिचं: "बघते."
एवढंच. दिवसभर "बघते"चा काय अर्थ होतो याचा विचार. मावशी म्हणते, मुलीकडच्यांनी "बघतो" म्हटलं की नाही समजायचं. काका म्हणतात, कमांडिंग ऑफिसर "बघतो" म्हणाला की सुट्टी मिळायची.
काकांच्या बाजूनं आहे.

२७ डिसें., शनि
आली. आईबरोबर. मी गेटपर्यंत धावलो नाही. लिहून ठेवतो, धावलो नाही.
कोपऱ्यात नाही बसली. तुळशीजवळच्या टेबलावर, मध्ये, जाधवांच्या पलीकडे. तिच्या आईनं शाल काढून मांडीवर ठेवली. "अगं बाई, उन्हात बसल्यासारखं वाटतंय." स.नं वर बघितलं, एका हीटरकडे, दुसऱ्याकडे. मग थालीपीठ. पूर्ण संपवलं.
बिल द्यायला ती आली. "काकांना थँक्स सांग."
"काकांना का?"
"अंघोळीचं कळलं. तुझ्या मावशीनं सांगितलं."
मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही.
लाल उजेडात तिच्या अंगठ्यावर शाईचा डाग होता. अजून पेननंच नोट्स काढते.

४ जानेवारी, रवि
एकटी आली. अभ्यास केला, अंधार पडेपर्यंत. मी दोनदा चहा नेला, एकदा विचारून, एकदा तिनं मागितला म्हणून.

१० जाने., शनि
धुकं इतकं की गेट दिसत नव्हतं. तीन गिऱ्हाइकं फक्त, त्यात ती. मावशी म्हणाली, तिघांसाठी दोन हीटर कशाला, एक बंद कर. मी स.ला विचारलं, कुठला बंद करू? "तुला थंडी वाजते ना, तुझ्याकडचा ठेव." मी काउंटरपाशी उभा असतो, तिथं पोचतो तो. म्हणजे मी कुठं उभा असतो ते तिला माहीत आहे. पुस्तक घेऊन त्याच बाजूच्या टेबलावर येऊन बसली.
दोन ठिकाणी नोकरीचे इंटरव्ह्यू आहेत म्हणाली. एक पुण्यात, एक गुरुग्रामला. बाबांची इच्छा पुणे, नाशिकहून जवळ.
तोंडात आलं होतं सगळं. थांब, जाऊ नकोस, गुरुग्राम घे, मी तुझ्या बाबांशी बोलतो, सगळं. टेबल पुसलं. पुसलेलंच होतं, तिचा कप उचलून परत पुसलं.
"तुला कुठं जायचंय?" विचारलं.
तिनं पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "हे पहिल्यांदा विचारतंय कोणीतरी." विचार केला. "अजून नाही माहीत. खरंच नाही." मग, "तू माफी मागणार आहेस का? कॉलेजची नाही. त्या मुलाची."
"बघतो," म्हणालो. हसली.
निघताना मफलर गुंडाळत भिंतीकडे बघून, "उन्हाळ्यात काय करता रे इथं? मे महिन्यात बसतात का लोक?"
"मला कुठं माहीत. मी ऑगस्टमध्ये आलो."
"मग शोध काहीतरी. कूलर, पंखे, काय असतं ते."
"कुणासाठी?"
"सगळ्यांसाठी," म्हणाली.
त्यात ती धरली की नाही, हे विचारणार तोवर धुक्यात ई-रिक्षा येऊन उभी राहिली. हिरवा मफलर गेटपर्यंतही दिसला नाही.
मावशी म्हणते, जानेवारीत कूलर बघायला जाणारा वेडा. सोमवारी जाऊन येतो. दुकानदार हसला तर हसू दे.